देवाच्या तांदळाची पेज

शनिवारी सकाळी सात वाजता पी मेन सुंग यांच्या स्वयंपाकघरातला देवाचा डबा रिकामा निघाला.

डबा उघडला तो पी झिंग यांनी. त्या वरच्या चर्चच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. आमच्याकडे वयाने मोठ्या बाईच्या नावाआधी पी लावतात आणि पुरुषाच्या नावाआधी पू. दर शनिवारी पाठीवर टोपली आणि टोपलीचा पट्टा कपाळाला, अशा त्या घरोघर फिरतात आणि आठवडाभराची मूठ गोळा करतात. मेन सुंग यांच्याकडे त्या सगळ्यात शेवटी जातात, कारण तिथला डबा सगळ्यात जड असतो आणि तिथून पुढे उतार आहे. त्या दिवशी त्यांनी डबा हलवून पाहिला, मग पालथा केला, मग आत हात घालून तळ चाचपला.

"उंदीर?" त्यांनी विचारलं.

"उंदरांना झाकण काढता येत नाही," मेन सुंग म्हणाल्या. "मी काढले."

"शिजवलेत, ऊ मेन?" थोरल्या बहिणीला किंवा भावाला आम्ही ऊ म्हणतो.

"शिजवले."

पी झिंग चुलीपाशी बसल्या. टोपली पाठीवरच राहिली.

"तुम्ही खाल्लेत?"

"मी मका खाते. तुला माहीत आहे."

"मग कुणी खाल्ले?"

मेन सुंग यांनी हनुवटीने कुंपणाकडे दाखवलं. कुंपणापलीकडे एकच घर आहे.

"थांग हूप?" पी झिंग म्हणाल्या. "खालच्या चर्चचा थांग हूप?"

"गावात दुसरा कुणी असला तर मला माहीत नाही."

आमच्याकडे भात टाकण्याआधी मापलेल्या तांदळातून एक मूठ काढतात आणि चुलीजवळच्या डब्यात टाकतात. दोन्ही वेळा. ती देवाची. चर्चचं छप्पर, पाळकांचं पोट, डोंगरापलीकडे पाठवलेले प्रचारक, सगळं त्या मुठीवर चालतं. घरात पाहुणे आले आणि भात कमी पडला तर शेजारी मागायला जातात, पण डब्याला हात लावत नाहीत. लहान मुलांना हे चालायला लागण्याआधी कळतं.

त्या वर्षी बांबूला फुलं आली होती. बांबूच्या बिया खाऊन उंदीर वाढले, बिया संपल्यावर ते शेतांत उतरले आणि डोंगरातलं भाताचं पीक कापणीआधीच संपलं. घरोघर मका शिजू लागला आणि मूठही मक्याची पडू लागली. वरच्या आणि खालच्या, दोन्ही चर्चनी मका चालेल असं उपासनेत जाहीर केलं. टाळ्या वाजवाव्यात की नाही यावरून वेगळी झाल्यापासून दोन्ही चर्चचं एकमत झाल्याची ही पहिली वेळ होती.

मेन सुंग यांना मात्र ते चालेना. देवाला जन्मभर तांदूळ दिले आणि आता उंदरांमुळे मका द्यायचा, हे त्यांना बरं दिसेना. त्यांनी एक डुक्कर विकलं आणि खोऱ्यातून आलेल्या पांढऱ्या तांदळाचं पोतं घेतलं, फक्त मुठीसाठी. चुलीवर मका चढवायचा, पोत्यातली एक मूठ डब्यात टाकायची. पोत्यातला एक दाणा घरात शिजला नाही. त्यांचे यजमान पू नोल हे वरच्या चर्चचे वडील, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांपैकी एक. ते मका जेवत आणि गप्प असत. एकदाच बोलले होते.

"देव भात जेवतो आणि आपण मका."

"डुक्कर कुणी वाढवलं?"

"तू."

"मग जेवा."

तेव्हा घरात तांदूळ होते, पण घरातल्या कुणाचे नव्हते. पुढचं सगळं त्यातून झालं.

थांग हूप एकटे राहतात. बायको वारली, मुलं मलेशियात. शेजारी म्हणून त्यांच्याबद्दल चांगलं सांगणारा गावात कुणी नाही. त्यांच्या डुकराने मेन सुंग यांचा लसणाचा वाफा दोनदा उकरला होता आणि दोन्ही वेळा वाफाच डुकराच्या वाटेत आला असं ते म्हणाले होते. मंडळी फुटली तेव्हा खाली जाणाऱ्यांत ते पहिले. जाताना वरच्या चर्चच्या दारात उभं राहून, मेन सुंग प्रार्थनेला उभी राहिली की देवालाही डुलकी लागते, असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात बोलले होते. ते त्या विसरल्या नव्हत्या. त्यांची प्रार्थना त्यानंतर आणखी लांबली.

पावसाळा सरताना थांग हूप यांचं पोट बिघडलं. शेजारच्या गावातला कंपाउंडर येऊन गेला. त्याने पोट दाबून पाहिलं आणि सांगितलं की आतडी सोलवटली आहेत, मका बंद, तांदळाची पातळ पेज द्या, दुसरं काही नाही. मक्याने रक्त पडेल. रस्ता खचलेला होता, खोऱ्यातून नवा तांदूळ येत नव्हता. खालच्या चर्चच्या बायका आल्या, त्यांनी प्रार्थना केली, एक अंडं ठेवलं आणि गेल्या. त्यांच्याही घरात मकाच होता. थांग हूप मका खात राहिले आणि कण्हत राहिले. दोन्ही घरांमधलं कुंपण बांबूच्या कामट्यांचं आहे.

मेन सुंग पोत्यातले तांदूळ ओच्यात घेऊन त्यांच्या दारात गेल्या, तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून निजले होते.

"कोण आहे?"

"शेजारीण."

"काय झालं? डुक्कर आलं का तिकडे?"

"डुक्कर नाही आलं. तुमचं कण्हणं आलं."

"कान बंद कर की."

"केले. तरी येतं." त्यांनी चूल फुंकली. "पेज करते."

"वरच्या चर्चची पेज मला नको, नाउ." नाउ म्हणजे धाकटी.

"पेज चर्चची नसते, ऊ थांग. तांदळाची असते."

"तांदूळ कुठले?"

"खोऱ्यातले," त्या म्हणाल्या. हे खरं होतं.

"मूठ काढलीस?"

मेन सुंग यांनी भांड्याकडे पाहिलं.

"मूठ काढल्याशिवाय मी भाताला तोंड लावत नाही," थांग हूप म्हणाले. "आजारी असलो म्हणून काय झालं. डबा दाराशी आहे."

"हे तांदूळ..." मेन सुंग यांनी सुरुवात केली आणि सोडून दिली. देवाच्या तांदळातून देवाची मूठ काढायची की नाही, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं.

"काय?"

"काही नाही. काढते."

"आण इकडे. तुझ्या हाताचा भरवसा नाही."

त्यांनी भांडं अंथरुणापाशी नेलं. थांग हूप यांनी कुशीवर वळून स्वतः मूठ काढली. त्यांचा हात मोठा आहे. पेजेला जेवढे उरले तेवढेच तांदूळ डब्यात गेले.

हे रोज, दोन वेळा, आठवड्यामागून आठवडे चाललं. मेन सुंग तांदूळ नेत, थांग हूप निम्मे काढून ठेवत, उरलेल्याची पेज होई. पेज पातळ आहे, पेज खारट आहे, पेज करताना तू गाणं म्हणू नकोस, असं ते सांगत. त्या म्हणत, मग उठा आणि स्वतः करा. रक्त थांबलं. थांग हूप उठून बसायला लागले आणि बसल्या बसल्या मेन सुंग यांच्या छपराचा पत्रा कुठून गंजला आहे ते दाखवायला लागले.

पोतं संपलं तेव्हा डबा होता. डबा संपला तो शनिवारी पी झिंग यांनी उघडला.

इकडे खालच्या चर्चमध्ये पू थांग हूप यांचं नाव दर रविवारी घेतलं जात होतं. बाकीच्या घरांतून मक्याची मूठ येत होती आणि अंथरुणावरचा एक आजारी माणूस मात्र खोऱ्यातला पांढरा तांदूळ देत होता. खालचे पाळक साया लिअन (पाळकांना आम्ही साया म्हणतो) उपासनेत म्हणाले की विश्वास असा असतो. टाळ्या वाजल्या. वरच्या चर्चमध्ये कुणी टाळ्या वाजवत नाही, त्यामुळे खालच्यांच्या टाळ्या तिथे चांगल्या ऐकू येतात. त्या कशासाठी होत्या तेही सोमवारपर्यंत वर पोचायचं. पी झिंग यांनी शनिवारी रिकामा डबा आणि या टाळ्या एकत्र ठेवल्या, त्याला फार विचार लागला नाही.

रविवारी दुपारी वरच्या चर्चचे वडील बसले. वरचे पाळक साया बॉई रिंग अध्यक्ष होते. पू नोल यांनी आपण बाहेर बसावं का असं विचारलं, तेव्हा साया म्हणाले, बसा, तुम्हाला घरी जाऊन ऐकावं लागणारच आहे.

मेन सुंग यांना समोर बसवलं. साया बॉई रिंग कठोर माणूस नाहीत. त्या वर्षी त्यांनी स्वतःचा पगार अर्धा घेतला होता आणि त्यांच्याही घरी मकाच होता.

"कुणी उपाशी राहावं असं आपण म्हणत नाही," ते म्हणाले. "पण क्रम ठरलेला आहे. आधी देवावर प्रेम, मग शेजाऱ्यावर."

"मलाही तोच ठाऊक आहे," मेन सुंग म्हणाल्या. "देवाला आधी दिलंच होतं. ते डब्यात होतं."

"आणि तुम्ही ते काढलंत."

"काढलं."

"शेजाऱ्यावर प्रेम घरच्या तांदळाने करायचं असतं."

"घरात मका होता."

"मग मक्याने."

"मक्याने त्याला रक्त पडत होतं."

एका वडिलांनी विचारलं की थांग हूपबद्दल त्यांच्या मनात इतकी माया कधीपासून आहे. मेन सुंग म्हणाल्या की माया अजिबात नाही, आणि कुणाला हवी असेल तर त्यांनी त्याच्याकडे एक दिवस पेज करून पाहावी.

"देवाला विचारलंत का?" साया म्हणाले.

"रोज प्रार्थना करते. रोज सांगितलं."

"काय उत्तर आलं?"

"तुम्हाला येतं का, साया?"

तक्रार घेऊन आलेल्या पी झिंग म्हणाल्या की मुख्य मुद्दा वेगळाच आहे. वरच्या चर्चच्या देवासाठी काढलेले तांदूळ अर्धे आजाऱ्याच्या पोटात गेले, ते एक वेळ सोडून देऊ. पण अर्धे खालच्या चर्चच्या कोठारात गेले.

"देव दोन आहेत का?" मेन सुंग म्हणाल्या. "एकच असला तर त्याचं काय कमी झालं? या डब्यातून त्या डब्यात गेलं."

"मी हे घरी रोज ऐकतो," पू नोल म्हणाले.

ठरलं ते असं. मेन सुंग यांनी पुढच्या रविवारी मंडळीसमोर उभं राहून चूक कबूल करावी, तोवर प्रभुभोजन, म्हणजे चर्चमधली भाकर आणि द्राक्षारस, घेऊ नये. आणि खालच्या चर्चला नम्रपणे विनंती करावी की त्यांच्याकडे चुकून आलेले तांदूळ परत द्यावेत. विनंती करायला पू नोल यांना पाठवलं, कारण ते घरचे होते.

साया लिअन यांनी पू नोल यांना चहा दिला आणि सगळं ऐकून घेतलं. त्यांना वाईट वाटलं ते विशेष करून टाळ्यांचं. संध्याकाळी खालचे वडील बसले. चोरीचे तांदूळ ठेवून घेता येणार नाहीत, यावर एकमत झालं. दुसऱ्या दिवशी ते अर्धं पोतं घेऊन वर गेले. वरच्यांनी तोवर आणखी विचार केला होता. या तांदळावर खाली प्रार्थना झाली होती, ते अर्पण झाले होते. दुसऱ्या मंडळीचं अर्पण आपल्या कोठारात कसं घ्यायचं, हे त्यांना उमगेना. परत न्या, म्हणाले. खालच्यांनी नेलं नाही.

दोन्ही चर्चच्या मधल्या वाटेवर ओझं टेकवायचा दगडी कट्टा आहे. पोतं तिथे ठेवलं. उंदीर असल्याने राखण लागणार होती, आणि एका बाजूने राखण ठेवली तर दुसऱ्या बाजूला विश्वास वाटणार नव्हता, म्हणून वरचा एक आणि खालचा एक असे दोघे सकाळपासून पोत्याच्या दोन बाजूंना बसू लागले. अंधार पडला की पोतं पत्र्याच्या पेटीत घालत आणि पेटीवर दगड ठेवत. पहिल्या दिवशी ते बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी वरच्याकडे तंबाखू होती आणि खालच्याकडे काडेपेटी.

थांग हूप यांना हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं ते नू देम यांनी, खालच्या चर्चकडून मूठ गोळा करणाऱ्या. त्या त्यांचा डबा रिकामा करून न्यायला आल्या होत्या. तो आता कुठे ओतायचा हे त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून चिडलेल्या होत्या.

"पू थांग, तुम्ही देवाचे तांदूळ खाल्लेत."

"मी देवाला दिलेत."

"दिलेत तेही त्याचेच आणि खाल्लेत तेही त्याचेच. मेन सुंगने डब्यातून आणले होते."

थांग हूप यांनी नू देम यांना दोनदा सांगायला लावलं. मग चुलीवरचं भांडं बाहेर न्यायला सांगितलं.

त्या दिवसापासून ते पुन्हा मका खाऊ लागले. डब्यातून काढलेले शेवटचे तांदूळ, पुरवून पुरवून, त्याच भांड्यात संपले होते; मेन सुंग यांच्याकडे द्यायला आणखी उरलेही नव्हते. शुक्रवारी पुन्हा रक्त पडलं. कंपाउंडर आला, म्हणाला, मी सांगितलं होतं, आणि याहून जास्त मला काही करता येत नाही, शहरात न्या. शहराचा रस्ता अजून दरडीखाली होता. मेन सुंग दारात उभ्या होत्या. थांग हूप भिंतीकडे तोंड करून होते.

"ऊ थांग, हट्ट कशाचा?"

"हट्ट नाही. जन्मभर काढली, एकदाही चुकवली नाही. बायको गेली त्या दिवशीही काढली. आणि म्हातारपणी तीच खाल्ली."

"मी घातली. तुम्ही कुठे मागितली?"

"खाल्ली मी."

"मग आता खाऊ नका, मरा. त्याने देवाचं काय भरून येणार?"

"ते माझं मी बघतो."

मेन सुंग तिथून निघाल्या त्या सरळ साया बॉई रिंग यांच्याकडे गेल्या. मी रविवारी उभी राहते, म्हणाल्या, काय म्हणायचं ते म्हणते, पण कट्ट्यावरचं पोतं थांग हूपला द्या. साया म्हणाले की कबुली अट घालून देता येत नाही. त्या म्हणाल्या, मग आधी कबुली घ्या. साया म्हणाले की पोतं त्यांच्या एकट्याच्या हातात नाही. हे खरं होतं. त्यांनी त्याच संध्याकाळी साया लिअन यांना निरोप पाठवला. साया लिअन यांचं उत्तर आलं की त्यांना मान्य आहे, पण पोतं देणारी मंडळी कोणती हे आधी ठरावं.

रविवारी चर्च भरलेलं होतं. खालच्यांपैकीही काही जण खिडक्यांशी उभे होते, त्यांची उपासना लवकर संपवण्यात आली होती. मेन सुंग पुढे आल्या.

"मी देवाचे तांदूळ घेतले," त्या म्हणाल्या. "थांग हूपला पेज करून घातली. तो मला आवडत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या डुकराने माझा लसूण खाल्ला, तेही माहीत आहे. देवाला न विचारता त्याच्या डब्यात हात घातला. विचारलं होतं, पण उत्तराला थांबले नाही. ते चुकलं."

त्या थांबल्या. साया हळूच म्हणाले, "पुन्हा असं करणार नाही, असं म्हणा."

"ते म्हणता येत नाही, साया. तो अजून आजारी आहे. तांदूळ मिळाले तर आजच करणार आहे."

मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं. कोण हसलं ते कळलेलं नाही. वडील बाजूच्या खोलीत गेले, आणि तोवर मंडळीने तीन स्तोत्रं म्हटली. परत येऊन सायांनी जाहीर केलं की कबुली अर्धी धरण्यात येत आहे. मेन सुंग यांनी प्रभुभोजनाच्या वेळी आत बसावं, पण मागच्या बाकावर, आणि उरलेल्या अर्ध्याचा विचार पुढे होईल. पोत्याबद्दल काही जाहीर झालं नाही.

"अर्धी म्हणजे कुठली अर्धी?" घरी जाताना मेन सुंग यांनी नवऱ्याला विचारलं.

"मी विचारलं नाही."

"तुम्ही खोलीत काय केलंत मग?"

"मी म्हणालो, पूर्ण धरा. ते म्हणाले, तुम्ही नवरे आहात. मग मी गप्प बसलो."

"रोजचंच."

"रोजचंच," पू नोल म्हणाले.

सोमवारी कट्ट्यावर राखणीची पाळी पू नोल यांची होती. खालच्या बाजूने नू देम यांचे यजमान होते. दुपारी पाळी बदलताना पोत्याचं तोंड सैल सोडलेलं दिसलं आणि तांदूळ उतरलेले दिसले. उंदीर, पू नोल म्हणाले. उंदीर, नू देम यांचे यजमानही म्हणाले. पोत्याला भोक नव्हतं. दोन्ही बाजूंनी त्याची नोंद घेतली आणि पुढे काही विचारलं नाही.

त्या संध्याकाळी मेन सुंग पेज घेऊन थांग हूप यांच्याकडे गेल्या. ते आता कुशीवर वळत नव्हते.

"हे तेच," ते म्हणाले. वासावरून.

"तेच."

"मग नको."

"ऊ थांग, दोन चर्च, दोन साया, सगळे वडील, एवढ्या लोकांनी आठवडाभर त्या पोत्याला हात लावलेला नाही. देवाला हवं असतं तर तो एव्हाना येऊन घेऊन गेला असता."

"मी हे खाऊन मेलो तर वर जाऊन काय सांगू?"

"सांगा, मेन सुंगने भरवलं."

"तुझं नाव तिथे चालतं का?"

"अर्धं चालतं. कालच ठरलं."

थांग हूप यांना हसू आलं की कळ आली, ते दिवलीच्या उजेडात समजलं नाही. मग ते म्हणाले, "दोन्ही सायांना बोलाव. दोघांनी माझ्यासमोर म्हणू दे की हे देवाने मला दिलं. एकाने म्हटलेलं चालणार नाही. एकाने म्हटलं तर दुसरा म्हणेल, आमचं खाल्लं."

"आणि त्यांनी म्हटलं तर खाल?"

"आधी म्हणू दे."

मंगळवारी सकाळी पू नोल वर गेले आणि नू देम खाली गेल्या. साया बॉई रिंग उतरले, साया लिअन चढले, आणि दोघे कट्ट्यापाशी भेटले. तिथे ते थांबले. त्यांचं आपापसात वैर नाही. दोघे एकाच वर्गात शिकले होते. पण देवाने दिलं असं म्हणायचं, तर मेन सुंगने घेतलं त्याचं काय, असं साया बॉई रिंग म्हणाले. आणि देवाने दिलं नाही असं म्हणायचं, तर म्हाताऱ्याचं काय, असं साया लिअन म्हणाले. मग साया बॉई रिंग म्हणाले की तेच त्यांच्याही मनात होतं, फक्त उलट क्रमाने. राखणदारांनी दोघांना बसायला पोत्याशेजारी जागा करून दिली. ते बसले नाहीत. पोतं त्यांनी दोन्ही बाजूंनी धरून उचललं आणि तसंच घेऊन थांग हूप यांच्या घराकडे गेले. वाट अरुंद आहे, एक जण पुढे आणि एक मागे असंच चालावं लागतं. पुढे कोण होतं याबद्दल आजही दोन मतं आहेत.

घरात मेन सुंग चुलीपाशी होत्या. साया लिअन यांनी प्रार्थना केली, मग साया बॉई रिंग यांनी. दोघांनीही, देवा, हे तू या माणसाला दिलंस, असं म्हटलं; साया बॉई रिंग यांनी त्याआधी आणखी बरंच म्हटलं. तोवर पेज गार झाली. मेन सुंग यांनी ती पुन्हा चुलीवर ठेवली, वाफ आल्यावर उतरवली, वाटीत घेतली आणि अंथरुणाच्या कडेला बसल्या. दोन्ही साया उभे होते. दारात नू देम होत्या, त्यांच्या मागे पी झिंग.

थांग हूप यांनी डोळे उघडले. नजर वाटीकडे नव्हती, दाराशी ठेवलेल्या डब्याकडे होती.

"मूठ?" ते म्हणाले.

सायांनी एकमेकांकडे पाहिलं. मेन सुंग यांनी वाटी खाली ठेवली, पोत्याचं तोंड सोडलं, आणि भांड्यात तांदूळ घेऊन भांडं त्यांच्या हाताशी नेलं. हात उचलवत नव्हता. मेन सुंग यांनी तो मनगटाला धरून तांदळात ठेवला. बोटं जेमतेम मिटली.

ती मूठ कोणत्या डब्यात टाकायची हे अजून ठरलेलं नाही. बुधवारी दुपारपर्यंत ती एका बशीत, अंथरुणाशेजारी होती. मेन सुंग यांनी तोवर पेज आणखी दोनदा गरम केली होती. मूठ डब्यात पडली नव्हती, म्हणून थांग हूप यांनी ती खाल्लेली नव्हती. बशीवरची नजर वाटीकडे वळवून त्यांनी, पेजेत मीठ घातलंय का, एवढं विचारलं होतं, आणि त्या घातलंय म्हणाल्या होत्या.